मागून येणाऱ्याची लाकडं

व्हर्लिनने पिकअपची मागची फळी पाडली. तंबू उतरवला, खुर्च्या उतरवल्या, खाण्याची खोकी उतरवली आणि मग तो कोपऱ्यात हात घालून बराच वेळ चाचपडत राहिला. नेल्डा त्याच्याकडे पाठ करून ओढ्यापलीकडची झाडं बघण्यात फारच गुंतली होती.

"कुऱ्हाड कुठाय?"

"कुठली कुऱ्हाड?"

"नेल्डा!"

"शेजारी आहे, बर्निसच्या गॅरेजात. कुलूप लावून. डॉक्टर काय म्हणाला ते तूही ऐकलंस ना? खांद्यात हाडापेक्षा स्क्रू जास्त झालेत तुझ्या. वर्षभर कुऱ्हाड नाही म्हणजे नाही."

 नेल्डाने आरडाओरड्याला तोंड द्यायची तयारी केली होती, उत्तरंही पाठ करून आणली होती. ती सगळी वाया गेली. व्हर्लिन नुसता वळला आणि दगडांच्या चुलाण्याकडे चालू लागला. तिथे, मोठ्या सीडरच्या झाडाच्या आडोशाला, लाकडं रचलेली होती.

लाकडं असणार हे दोघांनाही ठाऊकच होतं. पण एवढी? ढीग व्हर्लिनच्या छातीला लागत होता. ओक आणि हिकरी, एकेक ढलपी सारख्या मापाची, साल वरच्या अंगाला, दोन्ही टोकांना आडवी-उभी चौकड. ढिगावर सपाट दगड आणि दगडावर कॉफीचा लाल डबा. डब्यात कोरड्या काड्यापेट्या आणि सीडरच्या बारीक कापट्या. भिंतीला ओळंबा लावावा तसं सगळं सरळ.

"मेल्याने कळस केला या खेपेला," व्हर्लिन म्हणाला. आवाजात कौतुक होतं आणि हार खाल्ल्याचा सूरही होता.

अमेरिकेतल्या मिझुरीच्या या डोंगरात वनसंवर्धन खात्याची जमीन मैलोन्‌मैल पसरली आहे आणि तिच्यावर तंबू ठोकायला पैसे पडत नाहीत. पडावेत कशाचे? नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, दिवा नाही. मुलगी रोंडा दर खेपेला विचारायची, "आई, तिथे आहे तरी काय?" आणि नेल्डा सांगायची, "काही नाही, म्हणून तर जातो." जागा राखून ठेवता येत नाही. जो आधी येईल त्याची. फक्त एक रिवाज आहे, तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही: निघताना मागून येणाऱ्यासाठी थोडं कोरडं लाकूड ठेवून जायचं.

थोडं. पण हा लाल डबेवाला आणि व्हर्लिन यांच्यात ते 'थोडं' कधीच मागे पडलं होतं. शरदात डबेवाला आधी येऊन जायचा आणि पाठोपाठ व्हर्लिन. वसंतात व्हर्लिन आधी आणि पाठोपाठ तो. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण त्याने गुडघाभर रचलं की हा मांडीभर रचणार, याने मांडीभर रचलं की तो कमरेएवढं. व्हर्लिनचा कायदा एका ओळीचा होता. सापडलं त्यापेक्षा कमी ठेवून जायचं नाही. दरवर्षी सुट्टीचा अर्धा वेळ तो घाम गाळत ओंडके फोडायचा आणि घरी आल्यावर आठवडाभर कण्हायचा. तो खांदा काही आपोआप गेला नव्हता.

"मी काटक्या गोळा करते," नेल्डा म्हणाली. "मोळीभर ठेवू. समजेल त्याला."

"काटक्या!" व्हर्लिन म्हणाला, जणू तिने कचरा ठेवू म्हटलं होतं. "काटक्या पोरंटोरं गोळा करतात आणि पोरंटोरंच जाळतात. परत ठेवता येत नसेल तर घ्यायचं नाही. या ढिगाला हात लावायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शेकोटी नाही."

नेल्डाला वाटलं, संध्याकाळी गारठा पडला की उतरेल डोक्यातून. गारठा पडला, डोक्यातून काही उतरलं नाही. गॅसची शेगडी व्हर्लिनने उभ्या जन्मात आणू दिली नव्हती. बटण फिरवून स्वयंपाक करायचा तर घरीच बसावं, असं त्याचं म्हणणं. तेव्हा दोघांनी अंगाभोवती घोंगड्या लपेटून, फुटभरावर रचलेल्या उत्तम कोरड्या हिकरीकडे बघत, बरोबर आणलेल्या डबाबंद घेवड्याच्या थंडगार बिया चमच्याने खाल्ल्या. कॉफी नाही. खारवलेलं डुकराचं मांस खोक्यात तसंच कच्चं पडून.

"एकच ढलपी," नेल्डा म्हणाली.

"एकदा घेतली की घेतली."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच एक उचलली. व्हर्लिन उठला, तिच्या हातातून ती काढून घेतली आणि जिथून निघाली होती तिथेच, साल वर करून, परत बसवली. नेल्डाला हसूही आलं आणि त्याला ढकलून ओढ्यात पाडावंसंही वाटलं.

मग तो म्हणाला, "आपण पुढच्या वेळी रोंडा सांगते तिथे जाऊ. ते पैसे भरून तंबू ठोकायचं असतं ते. वीज असते, अंघोळीला गरम पाणी असतं. इथलं संपलं आता आपलं."

 नेल्डाला विजेचं काही वाटत नव्हतं, गरम पाणी कुणाला नको असतं? पण तिला एक गोष्ट माहीत होती जी तिने व्हर्लिनला कधी सांगितली नव्हती. घरी हा माणूस बोलायचा नाही. टीव्हीसमोर बसायचा, 'हं' म्हणायचा, मीठ मागायचा. इथे शेकोटी पेटली, पाय लांब करून बसला, की बोलायला लागायचा. आपल्या बापाबद्दल, खाणीतल्या दिवसांबद्दल, लग्नाच्या आधी नेल्डाच्या घरासमोरून मुद्दाम कसा तीनतीनदा गाडी न्यायचा त्याबद्दल. तेच किस्से, पण दर खेपेला एखादी नवी गोष्ट निघायचीच. वर्षातून दोनदा तिला तिचा नवरा मिळायचा आणि तो या चुलाण्याशी मिळायचा. ते संपलं, असं तो सांगत होता, आणि तेही काटक्यांना नाक मुरडून.

तिने जमिनीवर पडलेली पिकली पर्सिमनची फळं गोळा केली, एक बी चाकूने चिरली. बीच्या आत कसला आकार निघतो त्यावरून या डोंगरातले लोक हिवाळा कसा जाईल ते सांगतात. आत चमच्याचा आकार निघाला.

"चमचा आहे," ती म्हणाली. "बर्फ उपसावं लागणार हिवाळाभर. एका हाताने."

व्हर्लिन हसला नाही.

शनिवारी दुपारी नेल्डाने ठरवलं, बस झालं. तो रुसला तर रुसू दे. तिने लाल डब्यातून काड्यापेटी काढली, कापट्या काढल्या, चुलाण्यात मांडल्या आणि काडी ओढणार तोच खडीवर चाकं वाजली. जुनाट हिरवी पिकअप झाडांतून डुलत आली आणि तिच्यातून काठी टेकत टेकत एक उंच, वाळका म्हातारा उतरला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "तुमच्यात घुसतोय. गेल्या आठवड्यात माझ्या पातेल्याचं झाकण राहिलं इथे. बिडाचं, काठ उंच असलेलं. बायकोने डोकं खाल्लंय, झाकण कुठे, झाकण कु..."

तो थांबला. त्याने घोंगडीतल्या नेल्डाकडे पाहिलं, घोंगडीतल्या व्हर्लिनकडे पाहिलं, राखेचा कणही नसलेल्या चुलाण्याकडे पाहिलं. मग ढिगाकडे पाहिलं. ढीग त्याने रचला तसाच्या तसा होता. म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"लाकडं ओली निघाली?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मग किडकी?"

"नाही हो. चांगली आहेत. फार चांगली आहेत."

"मग जाळली का नाहीत? बघायला ठेवलीत? चर्च वाटलं का तुम्हाला हे?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "तीन दिवस राबलो मी त्या ढिगासाठी. या कुल्ल्यात काय कळा येतात तुम्हाला माहितीय? आणि तुम्ही इथे कुडकुडत बसलाय, माझ्या लाकडांना हात लावायला लाज वाटते म्हणून?"

"तुमची?" व्हर्लिन उठून उभा राहिला. घोंगडी खाली पडली. "म्हणजे... लाल डबेवाले तुम्ही?"

"आणि वसंतातला तो राक्षस तुम्ही?"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. नेल्डाने दोघांची वयं, दोघांचे गुडघे, एकाची काठी आणि दुसऱ्याचा लुळा खांदा नीट बघून घेतला आणि तिला हसू आवरेना.

"मला वाटायचं, तू कुणी तिशीतला गडी असशील," म्हातारा म्हणाला. 'तुम्ही' वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. "दर एप्रिलात येऊन बघतो तर हा डोंगर! बायको, ओपल, म्हणते, सोड हॉबर्ट, मरशील. म्हटलं, यंदा असा ढीग रचतो की त्या पोराने हाय खाल्ली पाहिजे. म्हणजे तरी तो थांबेल आणि मलाही थांबता येईल."

"खाल्ली," नेल्डा म्हणाली. "तीन दिवस तेवढंच खातोय."

मग व्हर्लिनला सांगावंच लागलं. खांद्याचं सांगितलं, कुऱ्हाडीचं सांगितलं, बर्निसच्या गॅरेजचंही सांगितलं. परत ठेवता येत नाही म्हणून घेतलं नाही, हे सांगताना त्याची मान खाली गेली. नेल्डाला वाटलं, आता हा हॉबर्ट खो खो हसेल. हॉबर्ट हसला नाही. त्याने हनुवटी खाजवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मीही घेतलं नसतं."

"देवा," नेल्डा म्हणाली. "दोन आहेत."

"पण तिकडे मागे ओंडके आहेत बघ. वादळात पडलेला ओक. करवतीने कापून ठेवले होते, फोडायचं मात्र जमलं नाही. मला वाकता येत नाही. उभा राहून घाव घालता येतो, पण ओंडका उचलून ठेवायचा म्हटलं की संपलं."

"मला वाकता येतं," व्हर्लिन हळूच म्हणाला. "एक हात धड आहे."

हॉबर्टने आपल्या पिकअपमधून घण-कुऱ्हाड काढली. नेल्डाने तोंड उघडलं आणि मिटलं. कुऱ्हाड व्हर्लिनच्या हातात नव्हती, डॉक्टरला बोलायला जागाच नव्हती. व्हर्लिन एका हाताने ओंडका लोटत आणायचा, गुडघ्याने रेटून मोठ्या बुंध्यावर चढवायचा आणि बाजूला व्हायचा. हॉबर्ट पिकअपच्या फळीला पाठ टेकून घाव घालायचा.

"डावीकडे."

"तुझी डावी का माझी?"

"ओंडक्याची!"

"ओंडक्याला डावी कुठली असते, म्हाताऱ्या?"

दोघं मिळून एक धड माणूस झाला होता. त्या माणसाचं तोंड मात्र दोघांइतकं चालत होतं. नेल्डाने फोडलेल्या ढलप्या वाहून नेल्या, चौकड रचली, आणि ती वाकडी झाली म्हणून दोघांचीही बोलणी खाल्ली. ऊन कलेपर्यंत जुन्या ढिगाशेजारी नवा ढीग उभा राहिला. तो त्याच्या निम्माही नव्हता, पण ते मोजायला व्हर्लिन गेला नाही. तो जुन्या ढिगापाशी गेला, त्याने वरची ढलपी उचलली, मग दुसरी, मग कवभर, आणि चुलाण्यात टाकली.

"काडी ओढ," तो नेल्डाला म्हणाला.

अशी शेकोटी तिथे कधी पेटली नसेल. झाकण सीडरच्या मुळाशी पानांखाली सापडलं. हॉबर्टच्या पिकअपमध्ये तीन पायांचं पातेलं होतंच. नेल्डाने मक्याच्या पिठाचा पाव कालवला, पातेलं निखाऱ्यांवर ठेवलं, झाकणावर निखारे रचले. मांस तव्यात तडतडलं. गरम कॉफीचा पहिला घोट घेताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते धुरावर ढकललं नाही. "मला फार आनंद झालाय," ती सरळ म्हणाली. दोन्ही म्हातारे गोंधळून आपापल्या कपात बघू लागले.

मग व्हर्लिन पाय लांब करून बसला आणि बोलायला लागला. बापाबद्दल, खाणीबद्दल. हॉबर्टचा भाऊ त्याच खाणीत होता असं निघालं, मग तर विचारूच नका. नेल्डाच्या घरासमोरून गाडी नेण्याचा किस्साही झाला आणि त्यात नवी गोष्ट निघाली: एकदा पेट्रोल संपलं म्हणून तो गाडी ढकलत घेऊन गेला होता.

"ढकलत?" नेल्डा म्हणाली.

"थांबलो असतो तर कळलं नसतं का तुला, मुद्दाम आलोय ते?"

अंधार पडायच्या आत हॉबर्ट निघाला. पातेलं व्हर्लिनने त्याच्या पिकअपमध्ये चढवून दिलं. पुढच्या खेपेबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यामुळे नेल्डाचा जीव पुन्हा खालीवर होऊ लागला. रोंडाच्या गरम पाण्याचं काय, हे विचारायचं तिचं धाडस झालं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी तंबू आवरला. व्हर्लिनने उरलेला जुना ढीग आणि नवा ढीग एक केला, लाल डब्यात नव्या काड्यापेट्या भरल्या, सपाट दगड ठेवला. पाठोपाठ शिकारी येतील, नाहीतर आणखी कुणी. पिकअप खडीच्या रस्त्याला लागली. पहिल्याच खड्ड्यात नेल्डाच्या सीटखाली काहीतरी खणकन वाजलं.

दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा. तिने वाकून हात घातला आणि काळं, जड, उंच काठाचं बिडाचं झाकण बाहेर ओढलं. त्याला अजून राख चिकटलेली होती.

"व्हर्लिन! हे हॉबर्टचं आहे!"

"हं."

"अरे, याच्यासाठी बिचारा एवढ्या लांब आला! गाडी वळव. ओपल खाऊन टाकेल त्याला. तुझ्या हातून चुकून आलं का?"

"चुकून कसं येईल? उचललं मी."

नेल्डा त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसाने तीन दिवस उपाशीपोटी गारठा सोसला होता, एका ढलपीचा मिंधा होऊ नये म्हणून.

"एप्रिलमध्ये परत द्यावं लागेल," व्हर्लिन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "दुसऱ्याची वस्तू आहे. ठेवून कशी घेणार?"

"आणि त्याने विचारलं तर? कुठे गेलं म्हणून?"

"नाही विचारणार. मी आपल्या सीटखाली सरकवताना बघत होता तो.  बिनझाकणाचं पातेलं जरा पलीकडे ढकललं आणि गाडी सुरू केली."

नेल्डाने झाकण मांडीवर घेतलं आणि घरी पोचेपर्यंत खाली ठेवलं नाही.