आत्याचं गोत्र

"आणि यातली मी कुठली गं?" विजयाबाईंनी लॅपटॉपच्या पडद्याला बोट लावत विचारलं.

पडद्यावर नुसते ठिपके होते. लाल, निळे, करडे. त्यांच्यामध्ये इतक्या रेघा, की काढून झालेल्या रांगोळीवर कुणाचा तरी पाय पडला असावा. विजयाबाईंनी कोपऱ्यातला एक गरीबसा ठिपका मनाशी स्वतःसाठी निवडूनही ठेवला होता.

"मामी, ही माणसं नाहीत," शर्वरी म्हणाली. "हे जीन आहेत."

"असं होय," म्हणत विजयाबाईंनी बोट मागे घेतलं. पण त्या ठिपक्यावरची नजर काही हटेना.

शर्वरी ही विजयाबाईंच्या नवऱ्याची, अरविंदरावांची भाची. हैदराबादच्या एका संस्थेत डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांवर काम करते. दिवाळीत येऊन तिने उज्जैनला, नानाखेड्याच्या या घरात सगळ्यांना ओळीने बसवून नळीत थुंकायला लावलं होतं. ते आल्हादसाठी, विजयाबाईंच्या मुलासाठी. कॉलेजात असताना त्याला आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि आता पस्तिशीत तो जग पाइपातून बघितल्यासारखं बघतो. एका सहकारी बँकेत फोन घेतो. इंदूरला माहितीतल्या सगळ्या जीनची तपासणी करून झाली होती. त्यात काही निघालं नव्हतं.

डॉक्टरांना सापडलं नाही तरी घरचा निकाल केव्हाच लागला होता. विजयाबाईंचे बापूकाका तरुणपणीच आंधळे झाले होते. झालं, दोष माहेरचा! अरविंदराव तसे सज्जन. बायकोवर आवाजसुद्धा चढवला नाही कधी. फक्त कुठल्याही डॉक्टरसमोर बसले, की त्याने विचारायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "इनके मायके में है." आणि देवासची चुलत जाऊ अंबिकावहिनी! ती प्रत्येक लग्नामुंजीत विजयाबाईंचा हात हातात घेऊन अशी हळहळायची, की अख्ख्या मांडवाला ऐकू जावं. या बाईला एकदा, फक्त एकदाच, उत्तर द्यायचं होतं विजयाबाईंना. शर्वरी निकाल घेऊन येतेय म्हटल्यावर त्यांना धड झोप नव्हती.

"सीधं सांग ना बेटा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून आलं की यांच्याकडून?"

"सांगते, पण आधी हे बघा." शिकलेल्या मुलांना समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. "पेशीत जे जीन एकमेकांबरोबर काम करतात त्यांच्यात रेघ. लाल ठिपके म्हणजे ज्यांच्यामुळे डोळे जातात हे माहीत आहे ते. आता हा करडा. हा कुणाच्याच यादीत नव्हता. पण याच्या रेघा कुठे जातात?"

आल्हादने पडद्याजवळ तोंड नेऊन, मान इकडून तिकडे फिरवत, तुकड्या-तुकड्यांनी सगळं पाहिलं. "लालकडे. सगळ्याच."

"म्हणून याच्यावर संशय घेतला."

"मतलब संगतीवरून पकडला," अरविंदराव म्हणाले. "पोलीसवाले पण असंच करतात."

"नुसत्या संगतीवरून नाही, मामा. मग तुमच्या सगळ्यांच्या नमुन्यात हाच जीन तपासला. आल्हाददादाचा बिघडलेला निघाला. दोन्ही प्रती."

"दोन्ही कशा?" विजयाबाईंचा पुन्हा गोंधळ झाला.

"प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडलांची. एक बिघडली तरी माणूस धडधाकट राहतो. दोन्ही बिघडल्या तर हे असं होतं. दादाला एक तुमच्याकडून मिळाली आणि एक मामांकडून."

"माझ्याकडून?" अरविंदराव ताठ झाले. "आमच्या खानदानात लोक नव्वदीत पेपर वाचायचे!"

"आजीकडून आली, मामा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. उज्जैनच्या मराठी घरांत ती सांगावी लागत नाही, आणि शेजारच्या शर्माजींना सांगायची सोय नाही. विजयाबाई म्हणजे अरविंदरावांच्या सख्ख्या मामाची मुलगी; शर्माजींच्या हिशेबी बहीणच. सासू त्यांची आत्या; लग्नानंतरही त्या तिला आत्याच म्हणायच्या. इकडे मराठी घरं मोजकी, मुलगी परक्याकडे देण्यापेक्षा आत्याकडे बरी, असा सगळ्यांचा सोयीचा विचार. बापूकाका त्या आत्याचेच पाठचे भाऊ. तरीही एवढ्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आई लग्न करून आमच्या घरात आली," अरविंदराव सावकाश म्हणाले. "गोत्र बदललं तिचं. मग तिकडचं तिच्यात राहिलं कसं?"

शर्वरीला हसू फुटलं, पण दुसरं कुणी हसत नाही म्हटल्यावर तिने ते आवरलं. घरात सगळ्यांची समजूत हीच होती. विजयाबाईंचीसुद्धा. आत्या स्वतःच म्हणायची, "आमच्या माहेरी आहे बाई हे," जणू माप ओलांडताना ती ते उंबऱ्याबाहेर ठेवून आली होती.

"मलाही एक आहे, मामा," शर्वरी म्हणाली. "आजीची. आईकडून आलेली."

विजयाबाई सुटल्या होत्या. आता आनंद होईल म्हणून त्या थांबल्या. होईना.

"नुसतं यांच्यातच असतं तर?"

"तर काही झालं नसतं."

"आणि नुसतं माझ्यात?"

"तरी नाही."

"मग झालं कशानं?"

शर्वरीने पडद्याकडे पाहिलं. या प्रश्नाच्या उत्तरासाठी तिथे ठिपका नव्हता. "तुमचं दोघांचं लग्न झालं ना, मामी."

लग्नाआधी त्यांना देवासचं एक स्थळ आलं होतं, तारखात्यातलं. आत्यानेच मोडून काढलं, घरची मुलगी घरात म्हणून. त्या माणसाच्या मुलाला डोळे असते. पण तो मुलगा आल्हाद नसता. इथवर आल्यावर विजयाबाईंना पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना. त्यांनी आत्यावर रागावून पाहिलं, स्वतःच्या वडलांवर पाहिलं, नवऱ्यावर पाहिलं. राग कुणावरच टिकेना.

"दवा आहे का यावर, शर्वरी?" आल्हादने विचारलं.

"अजून नाही, दादा."

"ठीक आहे. कोण आहे ते तरी कळलं."

अरविंदराव उठून खिडकीशी गेले. "मी उगाच आजपर्यंत..." एवढंच म्हणाले. अशी वाक्यं पूर्ण करायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात विजयाबाईंचा फोन वाजला. अंबिकावहिनी. त्यांचा आवाज खोलीभर पोचायला स्पीकर लागत नाही.

"काय गं, आली का ती पोरगी? कुणाकडून आलं म्हणते शेवटी?"

उत्तर तयार होतं. भांडी घासताना, कणीक मळताना कितीदा म्हणून पाहिलेलं. आल्हादने मान वळवून आईचा चेहरा आपल्या पाइपात आणला होता. अरविंदराव पाठमोरेच उभे होते, खिडकीचा गज धरून.

"नुसते ठिपके नि रेघा हो, वहिनी," विजयाबाई म्हणाल्या. "आपल्याला कुठलं समजतंय त्यातलं."

"म्हणजे तुझ्या माहेरचंच असणार." पलीकडून उसासा आला.

"असेल," विजयाबाई म्हणाल्या, आणि वहिनींचे गुडघे आता कसे आहेत ते विचारू लागल्या.