रंग उडालेला हात

येरवड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत शर्मिला जुनी चित्रं दुरुस्त करायची. गेले पंधरा दिवस तिथे एक अख्खं वाळवंट भिंतीला टेकून उभं होतं. दीडशे वर्षांपूर्वी कुणा युरोपियन चित्रकाराने काढलेलं. वाळूत कोसळलेला गोरा प्रवासी, आणि त्याच्यावर वाकलेला काळ्या झग्यातला अरब. चित्रकार महाशय वाळवंटात किती दिवस राहिले होते कोण जाणे, पण अरबाचे डोळे त्यांनी लांडग्याचे काढले होते. अरबाचा पुढे आलेला हात मात्र मनगटापासून गायब होता. ओल लागून तेवढ्याच जागी रंगाचे पोपडे गळले होते.

चित्र खराडीतल्या एका कंपनीच्या मालकाचं, शुभंकरचं. त्याला ते ऑफिसात लावायचं होतं.

"मॅडम, हातात खंजीर द्या ना. डेझर्ट सीन आहे, थोडा ड्रामा पाहिजे."

"मला जे माहीत नाही ते मी रंगवत नाही," शर्मिला म्हणाली. "तिथे नुसता वाळूचा रंग भरीन. ड्रामा हवा असेल तर नाट्यगृहं पुष्कळ आहेत."

मंगळवारी सकाळी ओमानहून फोन आला. तिचा धाकटा भाऊ आयुष तिथे पाइपलाइनच्या कामावर सर्व्हेअर होता. त्याची गाडी वाळूत रुतलेली सापडली होती. दार उघडं होतं आणि आयुषचा पत्ता नव्हता. शोध चालू आहे, असं कंपनीचा माणूस म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

आईने बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

"तिथली माणसं कशी असतात गं?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

शर्मिलाने तिथला एकही माणूस पाहिला नव्हता. पाहिला होता तो समोरच्या चित्रातला.

"चांगली असतात," ती म्हणाली, आणि चित्राकडे पाठ करून बसली.

बुधवारी तिने चित्रावर चादर टाकली. त्याने काय होणार? चादरीआडही तो वाकलेलाच होता. फोन वाजला की आई छातीवर हात ठेवायची, आणि फोन कुठल्या तरी बँकेच्या कर्जाचा निघायचा.

गुरुवारी दुपारी शर्मिलाला राहवलं नाही. तिने चादर ओढली. कोसळलेल्या प्रवाशाच्या जागी तिला आयुषच दिसायला लागला, आणि त्याच्यावर वाकलेला तो माणूस काय करणार हे तिला एकदम पक्कं ठाऊक झालं. तिने ब्रश उचलला. अर्ध्या तासाने भानावर आली तेव्हा अरबाला हात होता आणि हातात खंजीर होता. भावाचं मरण आपणच काढून ठेवलं, असं वाटून ती रडायला लागली.

शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी."

आईने फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. आयुषचा आवाज खोल गेला होता, पण त्याचाच होता. गाडी रुतल्यावर तो चालत निघाला आणि उन्हाने पडला. उंट राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला उचलून तंबूत नेलं. तापात चमच्याने पाणी पाजलं, उंटिणीचं दूध पाजलं.

"मग कळवलं का नाही रे? आम्ही इथे मेलो होतो!"

"तिथे रेंज नाही, ताई. आणि त्यांच्यात पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारत नाहीत म्हणे. आज सकाळी विचारलं, आणि लगेच पिकअपमध्ये घालून इथे गावात आणलं. हा फोन त्यांनीच लावून दिला, शेजारीच उभे आहेत. मोडकंतोडकं हिंदी येतं त्यांना."

"हिंदी येतं? मग तू का नाही सांगितलंस?"

आयुषचा आवाज खाली आला.

"घाबरलो होतो गं. डोळे मिटून पडून राहायचो. वाटायचं, हा आता गळा कापणार."

शर्मिलाने तर तो खंजीर स्वतःच्या हाताने काढला होता. तिला स्वतःची लाज वाटली, भावाची वाटली.

आईने डोळे पुसले. "त्या बाबांचं नाव काय?"

"नाव..." आयुष अडखळला. "विचारलंच नाही, आई."

"तीन दिवस त्यांचं दूध प्यालास," आई म्हणाली. "आत्ता विचार. मी फोन धरून आहे."