देवाचा चिंचोका

आचऱ्याच्या शाळेत कावेरीबाई दर शनिवारी दुसरीच्या पोरांना दहा गणितं घालत. पाट्या गोळा होत, बाई फुल्या मारत आणि तुळसाच्या पाटीवर हटकून भोपळा काढत. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण तापट होत्या. एकदा एखाद्याला मठ्ठ ठरवलं की ब्रह्मदेवालाही ते बदलता येत नसे.

तुळसा दुसरीत दुसऱ्यांदा बसली होती. तिच्या बापाने, सत्यवानने, बाईंना सांगूनच ठेवलं होतं की यंदा पास झाली तर ठीक, नाहीतर शाळा बंद. काजूच्या बागेत काम काय थोडं पडलंय? वार्षिक परीक्षा महिन्यावर आली होती आणि पोरगी धास्तीने सुकत चालली होती.

एका शनिवारी फुली मारायला खडू उचलला आणि बाईंनी सहज तिची उत्तरं वाचली. आठ नि पाच बारा. सात नि चार दहा. नऊ नि सहा चौदा. दहाच्या दहा उत्तरं एकाने कमी. मठ्ठ पोर वाट्टेल ते लिहितं; चुकण्यात एवढी शिस्त कुठून आली? इतके शनिवार आपण फुल्या मारल्या, उत्तरं वाचलीच नाहीत, हे बाईंच्या जिवाला लागलं.

त्यांनी तुळसाला जवळ बसवून पुढ्यात पोरांचे मोजायचे चिंचोके ओतले. तिने आठ बरोबर मोजले, पाच बरोबर मोजले, दोन्हींची रास केली. मग रास मोजताना पहिला चिंचोका 'लाभ' म्हणून बाजूला ठेवला आणि पुढच्यापासून एक, दोन सुरू केलं. तो का गं वगळलास, असं बाईंनी विचारलं.

"तो देवाचो, बाई. रास मापताना पयलो मोजूचो नसता. आमच्या रुक्मिणीआकान शिकवल्यान."

खळ्यावर भात मापताना सत्यवान पहिलं माप 'लाभ' म्हणत देवाच्या नावाने काढायचा, ते मोजणीत धरत नसे. पोर तेच शाळेत करत होती. बाईंना हसू आवरेना. शाळेत आधी सगळे मोजायचे, देवाचा मागाहून काढायचा, असं ठरलं. देव रागावणार नाही ना, एवढं तुळसाने विचारून घेतलं. सोमवारी बाईंनी अख्ख्या वर्गाला राशी मोजायला लावल्या, तर तुळसाच्याच वाडीची आणखी दोन पोरं देवाचा काढताना सापडली. तेव्हापासून फुली मारण्याआधी बाई "कसं केलंस?" असं विचारू लागल्या. परीक्षेत तुळसाची दहापैकी नऊ गणितं बरोबर आली आणि ती पास झाली.

पण रुक्मिणीचं नाव बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. तुळसाची ही थोरली बहीण चार वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली दोनदा नापास झाली होती. हिच्या डोक्यात काही शिरत नाही, घरकामाला लावा, असं सत्यवानला सांगणाऱ्याही बाईच.

निकाल सांगायला त्या स्वतः वाडीवर गेल्या. सत्यवान खूश झाला, तुळसाला पुढे शिकवतो म्हणाला. रुक्मिणी अंगणात काजूबिया वाळत घालत होती. बाई तिच्याकडे गेल्या आणि चूक माझी होती, असं सरळ म्हणाल्या. तू मोजतेस कशी, हे तेव्हा सांगितलं का नाहीस, असंही त्यांनी विचारलं.

रुक्मिणीने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"माका कोणी इचारूकच नाय, बाई."

बाई तशाच उन्हात तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आता विचारते," त्या म्हणाल्या.