नूपुरची फिल्म आणि माझे दोन कोअर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाला पोचा आला आहे आणि दोन-तीन बटणांवरची अक्षरे पार पुसली आहेत. तरी माझी कीव करू नका. सध्या मी मोठ्या सुखात आहे. कशातून सुटलो ते ऐकलेत, तर तुम्हालाही हायसे वाटेल.

कोलकात्याच्या चांदनी बाजारातल्या एका दुकानात मी आणि माझा शेजारी एकाच टेबलावर मांडलेले होतो. मी सडपातळ, दोन कोअरचा. तो जाडजूड, चार कोअरचा. कोअर म्हणजे आमच्या प्रोसेसरमधले राबणारे गडी. घरची पोळीभाजी दोघे मिळून आरामात करतात. शंभर माणसांचा स्वयंपाक काढला, की चौघे लागतातच.

खिदिरपूरच्या गोदीतले कस्टम्सचे अधिकारी गुरुदत्तराव तिथे आले. सोबत त्यांच्या पत्नी मानसीताई आणि बारा वर्षांची लेक नूपुर होती.

"दादा, गाना-सिनेमा के लिए दो कोर काफी है," दुकानदार म्हणाला. "बेटी आगे व्हिडिओ बनाएगी, तो चार लीजिए."

"अरे, तीन साल में बदली हो जाएगी. हलका वाला दीजिए," गुरुदत्तराव म्हणाले.

त्या घरात प्रत्येक वस्तू अशीच येई. घडीचे टेबल, घडीच्या खुर्च्या, दोघांना उचलेल असे कपाट. बदलीच्या ट्रकमध्ये काय मावेल, तेवढाच विचार. नूपुरला कुणी काही विचारले नाही. मीही निवड झाल्याच्या तोऱ्यात शेजाऱ्याकडे वळून पाहिले नाही.

सॉल्ट लेकच्या सरकारी क्वार्टर्समध्ये माझी पहिली वर्षे मजेत गेली. मानसीताई माझ्यावर गाणी लावत, गुरुदत्तराव क्रिकेट बघत. "आवाज तरी येतो का, बघा!" असे ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत आणि मी फुगून जाई. बदली लांबत गेली. नूपुर सतरा वर्षांची झाली आणि तिला व्हिडिओ एडिटिंगचे वेड लागले.

यंदा तिला एका संस्थेत प्रवेश हवा होता. त्यासाठी स्वतः केलेली पाच मिनिटांची फिल्म पाठवायची होती. तिने बागबाजारात जाऊन तिथल्या आजीबाईंना मराठ्यांच्या जुन्या स्वाऱ्यांविषयी आणि त्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती खणलेल्या खंदकाविषयी बोलते केले, तासन्‌तास चित्रण केले आणि ते सगळे माझ्यावर ओतले. खरे सांगतो, माझ्या तोंडचे पाणी पळाले. चित्र, आवाज, अक्षरे एकदम सांभाळताना माझे दोन्ही गडी मेटाकुटीला आले. पंखा घोंघावू लागला. दोनदा मी मधेच बंद पडलो.

शेवटच्या दिवशी दुपारी, पूर्ण झालेली फिल्म बाहेर काढताना मी त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलो. पाच वाजता मुदत संपत होती.

"काय केलंस तू त्याला?" गुरुदत्तराव कडाडले. "इतकी वर्षं कसा झकास चालत होता! काहीतरी भलतंसलतं टाकलं असशील."

"बाबा, सच्ची, मी काही नाही केलं. मी फक्त काम करत होते." नूपुरचे डोळे भरून आले.

पोरीला माझ्यापायी बोलणी खावी लागत होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"अहो, भांडत बसलात तर पाच इथेच वाजतील," मानसीताई म्हणाल्या. त्यांनी मला पिशवीत घातले आणि दोघांना ऑटोत बसवले.

जवळच्या बाजारात तपनबाबूंचे दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी मला उघडले, धूळ फुंकली, आतबाहेर तपासले. मी जीव मुठीत धरून होतो. आता भंगारात जायचे, असेच मला वाटले.

"मशीन का कोई दोष नहीं," तपनबाबू म्हणाले. "लड़की का भी नहीं. बेचारा दो कोर का है, काम चार का है."

मित्रांनो, काय सांगू! मी बिघडलो नव्हतो. नूपुरनेही काही बिघडवले नव्हते. मनावरचे केवढे ओझे उतरले.

तपनबाबूंनी सगळे काम आपल्या चार कोअरच्या यंत्रावर घेतले. तिथे ती फिल्म अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडली. ठीक आहे ना, हे बघायला त्यांनी ती लावली आणि गुरुदत्तरावांनी लेकीचे काम पहिल्यांदाच पाहिले. पडद्यावर एक बंगाली आजी नूपुरचा गाल धरून विचारत होती, की अगं, एवढ्याशा मराठी पोरीला भिऊन आमच्या लोकांनी खंदक खणला होय? गुरुदत्तराव मोठ्याने हसले. चार वाजून चाळीस मिनिटांनी फिल्म संस्थेकडे गेली.

"नूपुर, मी उगाच बोललो तुला," ते म्हणाले. "घेतानाच तुला विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

नूपुरने बाबांचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात घरात चार कोअरचा लॅपटॉप आला. तो नूपुरने स्वतः निवडला. मला वाटले होते, माझा जळफळाट होईल. पण तो चार-चार व्हिडिओ एकदम सांभाळताना पाहून मला फक्त 'सुटलो बुवा' असे वाटते. मला कुणी विकले नाही. मानसीताई माझ्यावरून सातारच्या बहिणीशी पोटभर बोलतात. तेवढे काम मला छान जमते.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला गादीवर ठेवून गुदमरवू नका, आमचा पंखा साफ ठेवा. आणि चालता चालता कुणी अडखळला, मग तो लॅपटॉप असो की तुमच्याच घरातले माणूस, तर ओरडण्याआधी एवढेच बघा, की त्याच्यावर आपण किती लादले आहे.