कावळं बोलवायचं यंत्र

तोंडात कवळी बसली आणि हॉलिस टॅकेटचा कावळ्यांशी असलेला संवाद तुटला.

चाळीस वर्षं तो बापाची लाकडी शिट्टी वाजवून कावळे बोलवत आला होता. दातांत शिट्टीची मान धरायची, गालात वारा भरायचा आणि घशातून गुरगुरत फुंकायचं. वॉशिटा नदीच्या पल्याडचे कावळेसुद्धा कुणाची तरी मारामारी लागली म्हणून बघायला धावत यायचे. आले की हॉलिस बंदूक उचलायचा. पण उन्हाळ्यात दाताच्या डॉक्टरनं उरलेसुरले पाच दात काढून टाकले. आता नोव्हेंबरात त्यानं झाडाखाली उभं राहून फुंक मारली, तर वरची कवळी खाली आली आणि घसा बसलेल्या बदकागत आवाज निघाला.

शेंड्यावरच्या कावळ्यांनी मान वाकडी करून खाली पाहिलं. एकानं चोचीतलं पेकान, अक्रोडासारखं टणक सालीचं फळ, फोडलं, आतला मगज गिळला आणि टरफल हॉलिसच्या टोपीवर सोडलं.

"त्यास्नी वाटलं आसंल, बदक मरायला लागलंय," मागनं त्याची बायको अर्लीन म्हणाली. ती बादली घेऊन खाली पडलेली पेकानं वेचत होती. "आनखी एकदा वाजवा. दया येऊन जातील."

"तू गप ऱ्हा," हॉलिस कवळी जागेवर ढकलत म्हणाला.

हसण्यासारखी गोष्ट होती, पण हसायची वेळ नव्हती. सलग दोन वर्षं उशिरानं आलेल्या गारठ्यानं मोहोर जाळला होता. औंदा मात्र हॉलिसच्या आज्यानं लावलेली पातळ सालीच्या पेकानांची साठ झाडं अशी लगडली होती, की फांद्या टेकू मागत होत्या. आणि नेमका झाडं हलवून माल पाडायच्या आठवड्यात पाऊस लागला. नदीकाठची ती काळी माती भिजली म्हणजे लोण्यावाणी. झाड हलवायचं यंत्र आत घातलं तर चाकं पोटापर्यंत रुतायची. जमीन वाळायला अजून तीन आठवडे तरी पाहिजेत. तोवर माल झाडावरच राहणार, आणि उत्तरेकडनं आलेले कावळे रोज तांबडं फुटायला नदीच्या वळणावरच्या झाडांतनं उठून जेवायला येणार. पातळ साल कावळ्याच्या एका टोच्यात फुटते. मागं खायला माणसाला टरफल राहतं.

"शिट्टी गेली तर यंत्र आनू," अर्लीन म्हणाली. "आजकाल बटन दाबलं की कावळं वरडतंय."

"आनू की. पर डॉयलला इचारून."

डॉयल प्रुइट म्हणजे अर्लीनचा थोरला भाऊ. त्याची बाग बांधाला बांध लागून. देवानं त्याला दोन कान दिले होते, पण ते फक्त टोपी अडकवायला. बोलायला लागला की समोरच्याच्या हातातली कॉफी थंड व्हायची. गावात कुणाचा पंप बिघडो, गाय आडो, डॉयलला त्यातलं कळायचंच. पंप नंतर नवा घ्यावा लागायचा तो भाग निराळा.

तालुक्याच्या गावातल्या शेतीच्या दुकानात डॉयल पुढं आणि हॉलिस मागं, असे दोघं शिरले. फळीवर दोन यंत्रं होती. एक जेवणाच्या डब्याएवढं, वर कर्णा बसवलेलं. दुसरं सुटकेसएवढं, हिरवंगार, काचेचा पडदा असलेलं.

"ह्यात आवाज किती?" डॉयलनं धाकट्याकडं बोट केलं.

"पंचवीस," दुकानातला कर्टिस म्हणाला. "कावळ्याचेच जास्ती."

"आनि ह्यात?"

"आठशे."

"मंग इचारायचं काय त्यात? दाजी, हेच."

"मला कावळ्याचा एकच पायजे रे," हॉलिस चाचरत म्हणाला.

"आज कावळा, उद्या कोल्हा. मानसानं पुढचं बघावं. का बायकोला इचारून येताय?"

हे ऐकायला तीन गडी काउंटरवर कोपर टेकून उभे होते. हॉलिसनं मुकाट थोरलं उचललं. घरी आल्यावर अर्लीननं त्यातल्या आवाजांची यादी वाचली आणि चष्म्यावरनं नवऱ्याकडं पाहिलं.

"लांडगं हाय. अस्वल हाय. आफ्रिकेतलं माकड हाय. आपल्या बागंत माकड कवा आलं?"

"आज गेलं घरला," हॉलिस पुटपुटला. त्याचा मेव्हणा नुकताच जेवून उठला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याला धार होती. डॉयलनं यंत्र दोघांच्या पायापाशीच ठेवलं, म्हणजे पडदा नीट दिसावा. कावळ्यांना ओळखू येऊ नये म्हणून तोंडावर जाळी घ्यायची म्हटलं तर त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून लालबुंद तोंड उघडंच. अर्लीन कॉफीचा थर्मास घेऊन मागच्या झुडपात बसली.

"बघा आता गंमत," म्हणत डॉयलनं बटन दाबलं. लांडग्यानं गळा काढला. पलीकडच्या कुरणातल्या गायी शेपट्या वर करून पळाल्या आणि एकीनं कुंपणाची तार पार घराच्या दारापर्यंत ओढत नेली. दुसरं बटन दाबलं तर रानडुकराची मादी लाडात आली. तिसऱ्यांदा कावळा लागला खरा, पण आवाज मोठा केला तसा फाटला. फाटक्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. तरी तीन कावळे आले. आवाज जिथनं येतोय तिथं त्यांनी सरळ खाली पाहिलं. तिथं त्यांना यंत्र दिसलं, आणि यंत्राशेजारी टमाट्यावाणी डॉयलचं तोंड दिसलं. तिघंही जागच्या जागी वळले आणि जाताना असे ओरडले, की त्या दिवशी शहाणा कावळा कुणी त्या बाजूला फिरकलाच नाही. सगळे लांबनं वळसा घालून बागेच्या दुसऱ्या टोकाला उतरले आणि तिथं निवांत जेवले.

"कावळं शिकल्यालं हाईत इथलं," डॉयल म्हणाला.

"व्हय दादा," अर्लीन थर्मासचं झाकण लावत म्हणाली. "यंत्राशेजारी कोन बसलंय हे बरोबर कळालं त्यास्नी."

दुपारी तिनं सुटकेस गाडीत टाकली आणि हॉलिसला शेजारी बसवून दुकान गाठलं.

"बदलून दे," ती कर्टिसला म्हणाली. "त्यो धाकटा काढ. आनि भाईर आन, वाजवून बगायचाय."

"भाईर कशाला, बाई? हितंच वाजवून दावतो."

"मी काय दुकानात कावळं मारनार हाय?"

कर्टिस हसत बाहेर आला. काउंटरवरचे तिघंही तमाशा बघायला आले. अर्लीननं यंत्र गाडीच्या टपावर ठेवायला लावलं, आवाज पुरा वाढवायला सांगितला आणि स्वतः धान्याच्या कोठारापर्यंत चालत गेली. शंभर पावलं असतील. तिथं डोळे मिटून उभी राहिली. आवाज फाटत नव्हता. कर्णा असल्यामुळं कावळ्याचा टोकदार काव तसाच टोकदार येत होता. मग रिमोट घेऊन ती तिथं उभ्या असलेल्या एका ट्रकच्या आड गेली आणि तिथनं बंद-चालू करून पाहिलं. आडोशामागनंही लागत होतं. बॅटरी किती सकाळी टिकते तेही तिनं विचारलं. कर्टिसला ते सांगता येईना, म्हणून डब्यावरचं बारीक अक्षर तिनंच वाचलं.

"बाईमानूस यंत्र निवडतंय," काउंटरवरच्या तिघांतला एक म्हणाला. "आता हॉलिस सैपाक करंल."

तिघं हसले. हॉलिसचे कान तापले. तेवढ्यात कोठाराच्या छपरावर एक कावळा येऊन बसला, मग दुसरा, आणि दोघंही मान लांब करून गाडीच्या टपावर कोण मरतंय ते शोधायला लागले. हसू आपोआप ओसरलं.

"ह्येच दे," अर्लीन म्हणाली.

त्या संध्याकाळी ती बागेत गेलीच नाही. ती नदीच्या वळणाकडनं कावळे कुठल्या वाटेनं परततात ते बघत कुंपणाशी उभी राहिली. मग हॉलिसला म्हणाली, "बागंत बोलवायचंच न्हाई. पंगतीत बसल्याला मानूस हाक मारून उठत न्हाई. वाटंवर गाठायचं."

सकाळी तिनं कर्णा वाटेवरच्या एका खुरट्या झाडावर डोक्याच्या वर टांगला. त्याच्यापासनं चाळीस पावलांवर सिडारच्या झाडाखाली गर्द सावलीत दोघं बसले. तोंडावर जाळी, हातात मोजे. घुबड म्हणजे कावळ्यांचा जुना वैरी, म्हणून एक प्लास्टिकचं घुबड कर्ण्याजवळ खुंटीवर.

आधी तिनं घुबड आणि कावळ्याचं भांडण लावलं. पहिली टोळी वळणावरनं उठली, थबकली आणि दात-ओठ खात सरळ घुबडावर आली. पंधरा-वीस तर असतीलच. कावळे डोक्यावर आले तसा अर्लीननं आवाज बारीक केला, म्हणजे त्यांना वरनं खाली शोधत बसायला नको. हॉलिसनं पहिल्या दोन बारांत दोन पाडले. बाकीचे फाकले, तर तिनं झटक्यात मरत्या कावळ्याचा आवाज लावला आणि ते परत वळले. आणखी तीन पडले. मग तिनं सगळं बंद केलं.

"आगं, आजून येतील," हॉलिस काडतुसं चाचपत म्हणाला.

"येतील म्हनूनच बंद. आज सगळं ऐकवलं तर उद्या काय ऐकवू? उठा. उद्या दुसरीकडं."

असं आठ दिवस चाललं. रोज जागा निराळी, आवाज निराळा, आणि अर्ध्या तासात घरी. पाचव्या दिवसापासनं नदीचे कावळे हॉलिसच्या बागेवरनं जायचं झालं तरी उंचावरनं, गप जायला लागले. हॉलिसला एक गोष्ट मात्र आतनं डाचत होती. चाळीस वर्षं त्यानं शिट्टी फुंकली, पण कावळे कुठल्या वाटेनं जातात हे त्यानं कधी उभं राहून बघितलं नव्हतं. एकदा भाकरीचा तुकडा मोडल्यागत मक्याचा पाव मोडत तो बायकोला तसं म्हणालाही. अर्लीननं त्याच्या ताटात आणखी डाळ वाढली.

हॉलिसची बाग सोडून कावळे गेले कुठं? बांधापलीकडं.

डॉयलनं दुकानात परत आलेली ती हिरवी सुटकेस सवलतीत उचलली होती. "बाईला झेपलं न्हाई म्हनून आल्यालं," असं कर्टिसला सांगून. रोज सकाळी एकाच झाडाखाली, एकच भांडण, पुऱ्या आवाजात, दोन-दोन तास. कावळे यायचे, डॉयल बार झाडायचा, नुसता पालापाचोळा पडायचा. चौथ्या दिवसापर्यंत कावळ्यांना उमगलं की हा माणूस नुसता आवाज करतो आणि ह्याच्या पेकानांची साल पातळ आहे. मग लांबलांबच्या टोळ्या त्या आवाजावर येऊ लागल्या, जेवणाची घंटा ऐकून शाळेतली पोरं यावीत तशा. यंत्र लावायला उशीर झाला तर वाट बघत बसायच्या.

दहाव्या दिवशी डॉयल हॉलिसच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात होती. अर्लीननं त्याच्यापुढं कॉफी ठेवली आणि ती थंड होईपर्यंत तो बोलला नाही, तेव्हाच हॉलिसला कळलं की बाग गेली.

"किती ऱ्हायलंय?" हॉलिसनं विचारलं.

"जाड सालीची झाडं हाईत. ती कावळ्यालाबी नको आनि बाजारालाबी नको." डॉयलनं टेबलाकडं बघत सांगितलं. "नदीकडची झाडांची एक वळ वाचंल, वाचली तर."

"यंत्र न्हेतोस आमचं?"

"यंत्र नको, दाजी. ती येती का इचारा."

ती समोरच होती. तरी तो नवऱ्याला विचारत होता. अर्लीननं पदर खोचावा तसा ॲप्रनचा कोपरा खोचला.

"येती की," ती म्हणाली. "पर तोंडावर जाळी घ्यायची. बस म्हनीन तिथं बसायचं. आनि कावळ्याला मान्साचा आवाज कळतो, तवा तोंड उघडायचं न्हाई."

"न्हाई उघडत."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच नाही उघडलं. पाऊण तास डॉयल प्रुइट उपड्या बादलीवर, जाळीआड, दगडासारखा बसला. बहीण बोट दाखवील तिकडं बंदूक धरायची, मान हलवील तेव्हा बार काढायचा. नदीकडची ओळ वाचली. दोन दिवसांत आठवड्याचं काम उरकलं म्हणायचं. बाकीची बाग मात्र टरफलांनी पांढुरकी झाली होती, आणि ती काही कुणाच्या बटनानं परत भरणार नव्हती.

रविवारी चर्च सुटल्यावर हॉलिस पायऱ्या उतरत होता. खाली डॉयलभोवती पाच-सहा गडी जमले होते, त्यात दुकानातले ते तिघंही.

"यंत्र घेताना आवाज किती हाईत ते बगूच नका," डॉयल बोट नाचवत सांगत होता. "कर्णा बगा. शंभर पावलं लांब जाऊन ऐका. रिमोट झाडाआडनं लागतो का ते बगा. आनि बागंत बोलवायचं न्हाई, वाटंवर गाठायचं. रोज जागा बदलायची. अक्कल लागती त्याला."

गडी माना डोलावत होते. एकानं तर खिशातनं कागद काढून लिहून घेतलं.

हॉलिसनं छाती भरून श्वास घेतला आणि एक पायरी खाली उतरला. मागनं अर्लीननं त्याची बाही धरली.

"सांगू द्या."

"आगं, पर ती अक्कल तुजी..."

"चुकीचं तर न्हाई सांगत. जल्मात पयल्यांदा." तिनं त्याच्या कोटावरची काडी झटकली. "सकाळी मी काठी रोवून बगितली. माती घट्ट झालीया, चाक रुतायचं न्हाई. घरी चला, झाडं हलवायचीत."