कठड्याची उंची

चर्चमधला प्रभुभोजनाचा कठडा हवा त्यापेक्षा दहा सेंटिमीटर उंच झाला होता, आणि मंडळीला ते अकरा वर्षं दर वेळी गुडघे टेकताना जाणवत होतं. मान झुकवली की कठडा थेट हनुवटीला लागायचा. बुटकी माणसं तर भाकर घेताना विहिरीच्या काठावरून डोकावल्यासारखी दिसत. चूक कोणाची, हेही सगळ्यांना पाठ होतं, कारण थोरला सुतार ते सांगायची एकही संधी सोडत नसे. "आमच्या धाकट्याची करामत. मी फळीवर पासष्ट लिहून दिलं, पठ्ठ्याने खांब पंच्याहत्तरला कापले!"

कठडा बसवला त्याच रविवारी, भर मंडळीत, त्याने धाकट्या भावाला दुकानातून काढून टाकलं होतं. धाकट्याने आपली हत्यारं गोळा केली. तो खोक्यांच्या कारखान्यात खिळे ठोकायला लागला. दोन लाकडं अशी जोडायचा की सांधा बोटाला लागू नये, आणि आता दिवसभर काय, तर खोकी! आई गेली तेव्हा तो शेवटच्या रांगेत उभा राहिला, मूठभर माती टाकली आणि घरी न येता परस्पर निघून गेला.

कठडा मात्र तसाच राहिला. थोरला म्हणे, ज्याने घाण केली त्याने निस्तरावी. मी का हात लावू?

मग नवा पाळक आला. वयाने लहान, पण भलताच चिवट. "शनिवारी तुम्ही दोघांनी मिळून कठडा खाली आणायचा," त्याने फर्मावलं. थोरल्याने गुडघ्यांचं दुखणं सांगितलं, दुकानातलं काम सांगितलं, शेवटी आवाजही चढवून पाहिला. पाळक हसत हसत ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, "नऊ वाजता दार उघडं ठेवतो."

धाकटा पावणेनऊलाच आला होता. केस पिकलेले, शर्टाची कॉलर विरलेली. "दादा, कसा आहेस?" त्याने असं विचारलं, जणू कालच भेटले होते. थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. हा भांडत का नाही? चार शिव्या दिल्या असत्या तर चार परत देता आल्या असत्या. हा आपला गरीब गाईसारखा स्क्रू काढत बसला होता. तेही तिरके गेलेले, गंजलेले स्क्रू, आणि त्यातला एकही मोडला नाही. याचाही थोरल्याला रागच आला.

वरची पट्टी निघाली. खाली आधाराला एक जुनी फळी आतून ठोकलेली होती. ती पहारीने उचकटायला थोरल्याला बराच दम खर्चावा लागला. धाकटा करवत आणायला बाहेर गेला होता. फळी सुटली, थोरल्याने उलटी केली, आणि त्याचा हात थांबला.

फळीवर पेन्सिलीने आकडा होता. पंच्याहत्तर. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. गावात तशी रेघ एकच माणूस मारायचा, आणि तो माणूस आता फळी हातात धरून उभा होता.

सगळं एका झटक्यात आठवलं. त्या आठवड्यात त्याच्या टेपचं टोक तुटलं होतं. टोक तुटलं की सुतार दहाच्या खुणेपासून मोजतो आणि आलेल्या मापातून दहा वजा करतो. शिकाऊ पोरालाही कळतं हे. त्याने मोजलं दहापासून, आकडा आला पंच्याहत्तर, मनात पासष्ट धरलं, आणि फळीवर लिहिताना वजा करायचंच विसरला. धाकट्याने आपल्या धडधाकट टेपने लिहिल्याबरहुकूम कापलं.

रंधा बाकावरच होता. दोन हात मारले की आकडा भुशात गेला असता. थोरल्याने फळी बाकावर टेकवली, रंधा उचललासुद्धा. अकरा वर्षं ज्या तोंडाने भावाला नावं ठेवली, ते तोंड आता कुठे लपवायचं?

"घास की, दादा," मागून धाकटा म्हणाला. तो करवत घेऊन दारात उभा होता. "दोन हातांचं काम आहे."

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं. मंडळी घरी गेल्यावर फळी मीच आतून ठोकली, आकडा दिसू नये म्हणून."

"अरे पण का?"

"तू आधीच चार लोकांत बोलून बसला होतास. फळी दाखवली असती तर मंडळीने तुला काम दिलं नसतं. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. म्हटलं, एकाचंच जाऊ दे."

थोरला भडकलाच. "आणि मला अकरा वर्षं गाढव बनवलंस! सांगायला काय झालं होतं? आई विचारत विचारत गेली रे!" त्याने रंधा आपटला. आवाज चर्चभर घुमला. माफी मागायची होती, आणि तोंडातून शिव्याच येत होत्या. धाकट्याने नाक पुसलं आणि तो म्हणाला, "गुडघे टेक. माप घ्यायचंय."

थोरला कण्हत गुडघ्यांवर बसला. भावाने जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावला.

"पासष्ट. लिही."

"तूच लिही," थोरला गुरगुरला. "माझ्या आकड्यांचा काही नेम नाही."

उठताना गुडघे अडले. धाकट्याने हात पुढे केला. थोरल्याने तो धरला. संध्याकाळपर्यंत कठडा खाली आला. ती फळी धाकट्याने परत होती तशीच ठोकली, आकडा आत.

रविवारी थोरला कठड्यापाशी गेला. एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला कानाने अधू झालेल्या शाळेच्या जुन्या बाई. बाईंनी कोपरं आरामात टेकवली आणि त्यांच्या नेहमीच्या खणखणीत कुजबुजीत म्हणाल्या, "वा! शेवटी निस्तरलं बाई तुझ्या भावाने आपलं!"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. धाकटा तर जमिनीकडेच बघत होता.

"चूक त्याची नव्हती, बाई," थोरला हळूच म्हणाला.

"काय म्हणालास?"

"माझी होती."

"अरे, मोठ्याने बोल की!"

थोरल्याला त्या क्षणी बाईंचा, पाळकाचा आणि कठड्याच्या एकेका खांबाचा संताप आला. "चूक माझी होती!" तो ओरडला. "आकडा मी लिहिला! याला फुकट हाकललं मी!"

पेटी वाजवणारी थांबली. सगळं चर्च त्याच्याकडे बघत होतं. पाळक भाकर घेऊन समोर आला आणि काहीच न ऐकल्यासारखा वाट पाहू लागला. थोरल्याने ओंजळ पुढे केली. आता कठडा हनुवटीला लागत नव्हता. मान खाली घालता येत होती, आणि ती बराच वेळ वर आली नाही.

"उद्या आठला दुकान उघडतो," तो तसाच खाली बघत धाकट्याला म्हणाला. "येताना तुझा टेप आण."