झऱ्याचं पाणी

"टीचर, पोरीला हे तुम्ही शिकवलंत?"

शिलाई मशीनवरचा टीचरचा पाय जागच्या जागी थांबला. रुग्णालयाच्या तळमजल्यावर बसून फाटक्या चादरी शिवणं, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. टीचर त्या फक्त रविवारी, चर्चमागच्या खोलीत नऊ मुलांपुढे. मधल्या वारी त्या नावाने कुणी हाक मारली म्हणजे नक्की काहीतरी बिनसलं होतं.

दारात खारूचे वडील होते. बस डेपोतले मेकॅनिक. हातांचं ग्रीसही धुतलेलं नव्हतं. खारू त्यांची आठ वर्षांची मुलगी. पेन्सिली कुरतडते म्हणून वर्गातल्या मुलांनी तिला हे नाव पाडलं होतं.

"खारूच्या आईला फिट आली. वर वॉर्डात आहे, अजून शुद्ध नाही." ते चौकटीला टेकले. "मी कामावर असतो, तिला आठवण राहत नाही, म्हणून दुपारची गोळी खारू देते. चार दिवस दिलीच नाही हिने! गोळी विरघळवलीय म्हणून नुसतं पाणी पाजलं. का, तर म्हणे टीचरच्या गोष्टीतल्या राणीने वैद्याची औषधं फेकून दिली आणि झऱ्याच्या पाण्याने बरी झाली."

ती गोष्ट टीचरनी स्वतःच रचली होती. मुलं राक्षसांची नि जादूगारांची पुस्तकं वाचतातच, मग ती कशी वाचायची हे आपणच का शिकवू नये, म्हणून त्यांनी पाळकांच्या मागे लकडा लावला होता. पाळक बिचकत होते. "चर्चमध्ये जादूटोणा कशाला, असं म्हणतील लोक." पण गोष्ट कल्पनेतली असली तरी तिच्यात देवाच्या प्रेमाची सावली असू शकते, हे टीचरनी ठासून सांगितलं होतं. गोष्ट संपल्यावर त्यांनी मुलांना विचारलं होतं, "मग तो झरा म्हणजे कोण?" सगळ्यांच्या आधी खारूचा हात वर गेला होता. "येशू!" आणि टीचरनी तिची पाठ थोपटली होती.

हातातली चादर तशीच टाकून त्या वडिलांच्या मागोमाग जिना चढल्या.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर खारू पाय वर घेऊन बसली होती. टीचर शेजारी बसल्या, तशी ती सरकली.

"पाणी कुठलं घेतलंस गं?"

"चर्चच्या नळाचं. रोज प्रार्थना करून दिलं." तिचा आवाज चिरकला. "कमी केली का मी प्रार्थना?"

"नाही, बाळा. चूक माझी झाली. औषधं फेकल्याचं मी गोष्ट रंगावी म्हणून घातलं. गोळी शोधून काढायची अक्कलही देवानेच माणसाला दिली, हे सांगायचं राहूनच गेलं."

"म्हणजे झरा खोटा?"

"झरा मी मनाने रचला."

"आणि येशू?"

"त्याला मी नाही रचलं."

तीन तास गेले. दार उघडलं की तिघंही उठत, आणि कुणीतरी ट्रॉली ढकलत निघून जाई. टीचरनी डोळे मिटून पाहिले. इतक्या वर्षांच्या सगळ्या प्रार्थना कुठे गेल्या कोण जाणे. "नको, प्रभू, नको" एवढंच आतल्या आत घोटाळत राहिलं. ही बाई गेली तर हे लेकरू जन्मभर कुणाला तोंड दाखवेल?

अखेर नर्स बाहेर आली. "आल्या शुद्धीवर. पाणी मागतायत."

वडील धावत आत गेले. पाणी म्हणताच खारू भिंतीला चिकटली. तिला आत न्यायला टीचरना बराच वेळ लागला.

संध्याकाळी त्यांनी पाळकांना घडलेलं सगळं सांगितलं. "पोरीचं नाव कुणापुढे निघायला नको. गोष्ट माझी, दोषही माझा."

पाळक चष्मा पुसत राहिले. "वर्ग दुसऱ्या कुणाकडे देऊ?"

"द्या. पण हा रविवार माझ्याकडे असू द्या."

खारू येणार नाही, असं धरूनच त्या रविवारी उभ्या राहिल्या. पण वडील तिला घेऊन आले. टीचरकडे न बघता म्हणाले, "आईनेच पाठवलंय तिला. अकराला न्यायला येतो." खारू दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

टीचरनी बायबल उघडलं. वादळात सापडलेली होडी, घाबरलेले शिष्य, येशूच्या एका शब्दासरशी शांत झालेलं पाणी. त्या सांगत होत्या आणि मागून हात वर आला.

"टीचर, हे खरं, की गोष्टीतलं?"

आठ माना मागे वळल्या. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. टीचरनी बोट ओळीवर तसंच ठेवलं.

"मी खरं मानते," त्या म्हणाल्या. "अगदी मनापासून मानते."

खारू त्यांचा चेहरा निरखत राहिली.

"बरं. पुढे सांगा," ती म्हणाली. तिचा हात मात्र अजून पुरता खाली आला नव्हता.